तुटलेली कमान आणि दहा रुपयांची बंदूक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना माझ्या तोंडात येणारे ‘बेसिकली’ तेवढे काढून टाकलेत. बाकी सगळं बोललो तसंच आहे.

आजची गोष्ट एका तुटलेल्या पोलादी पट्टीची आहे. पट्टी केवढी, तर माझ्या तर्जनीएवढी. ती तुटली १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला, कसब्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर पोरांसमोर. आणि तोडली मीच.

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि रविवारी किल्ल्यांवर जायचं. शिवजयंतीला आम्ही शाळांमध्ये शस्त्रांचं छोटं प्रदर्शन लावतो. दांडपट्टा, कट्यार, भाला, ढाल, सगळ्या प्रतिकृती. त्यात एक बंदूकही आहे. उत्तर भारतातल्या एका कारखान्याकडून मागवलेली, जुन्या इंग्रजी बंदुकीची नक्कल. तिची नळी आतून भरीव आहे, भोकच पाडलेलं नाही, त्यामुळे तिच्यातून काही उडू शकत नाही. चालत्या स्थितीतली ठासणीची बंदूक असेल तर तिलाही परवाना लागतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. पण हिची कळ मात्र खरी आहे. घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा, चकमकीचा दगड पोलादावर आपटतो आणि खरीखुरी ठिणगी पडते. पोरांना तेच बघायचं असतं.

त्या दिवशी चाळीस-पन्नास वेळा ठिणगी पाडून झाली होती. मी पुन्हा घोडा ओढला, आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि घोडा मेलेल्या मानेसारखा लटकला. पहिल्या रांगेतली सहावी-सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, लढाईत अशी तुटली तर काय करायचे?"

मी म्हटलं, "दुसरी कमान बसवायची."

ती म्हणाली, "कुठून आणायची?"

पोरं हसली, मीही हसलो. पण नंतरचे अडीच महिने मी याच प्रश्नाच्या मागे होतो. दोन अर्थांनी. एक, आमच्या बंदुकीला कमान कुठून आणायची. आणि दोन, अडीचशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या एखाद्या पलटणीतल्या शिपायाने ती कुठून आणली असती.

आधी ही कळ म्हणजे काय ते बघू. चकमकीच्या बंदुकीत, जिला आपल्याकडे पथरकलाही म्हणायचे, तीन कमानी असतात. पहिली मोठी कमान, इंग्रजी V अक्षरासारखी दुमडलेली. घोड्याला पुढे झेपावायला लावणारी ताकद तिच्यात असते. दुसरी बाहेर, कानावरच्या पोलादी झाकणाखाली. ही झाकण मिटलेलं ठेवते आणि दगड आपटला की खाडकन उघडू देते. तिसरी छोटी, आतल्या अडसराची. घोडा ओढल्यावर अडसर खाचेत बसतो, चाप दाबला की सुटतो. मग ठिणगी रंजकेत पडते, रंजक पेटते, कानातून आग आत जाते आणि बार होतो. तिन्हींतली कुठलीही एक गेली की उरते ती संगीन लावायची काठी.

‘कमान’ हा शब्दही मजेशीर आहे. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. आपल्याकडे दरवाजावरची कमान, घड्याळातली कमान, बंदुकीतली कमान, सगळ्यांना एकच शब्द. आपण म्हणतो की बंदूक आली आणि धनुष्य गेलं. पण चकमकीच्या बंदुकीत धनुष्यच दुमडून पोटात बसवलंय. वाकवलेल्या वस्तूत ताकद साठवायची आणि एका क्षणात सोडायची, काम तेच.

आता एक कबुली. आमच्या बंदुकीसमोर पाटी होती, ‘शिवकालीन बंदूक’. ती चूक होती. शिवाजी महाराज गेले १६८० साली. तेव्हा खुद्द इंग्लंडच्या सैन्यातसुद्धा बहुतेकांच्या हातात तोड्याची बंदूकच होती. चकमकीची बंदूक तिथे सरसकट झाली ती सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी. आमची प्रतिकृती तर अठराव्या शतकातल्या नमुन्याची. म्हणजे मावळ्याच्या हातात जी बंदूक आपण कल्पनेत बघायला हवी, ती तोड्याची. जळती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, एका वाकड्या चिमट्यात धरलेली. चाप दाबला की चिमटा खाली येतो आणि दोरीचं पेटतं टोक रंजकेला लागतं. तिच्यातही एक कमान असते, पण साधी चपटी पट्टी. तिचं काम एवढंच, की चिमटा परत वर यावा. ती गेली तर बोटाने चिमटा वर करता येतो. गावचा लोहार ती तासाभरात बदलून देईल.

आपण शाळेत शिकतो की तोड्याची बंदूक मागासलेली आणि चकमकीची पुढारलेली. तोड्याचे तोटे होतेच. पावसात दोरी विझते, रात्री निखारा लांबून दिसतो, आणि शेजाऱ्याच्या दारूपाशी पेटती दोरी घेऊन दाटीवाटीने उभं राहता येत नाही. पण तिचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही. ती कुठेही दुरुस्त होते. पेशव्यांच्या फौजेतल्या अरबांच्या हातात १८१८ पर्यंत तोड्याच्या बंदुका होत्या, याचा अर्थ ते अडाणी होते असा नाही.

तर, कमान. पहिला फोन अर्थात कारखान्याला केला. ते म्हणाले, फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, पाठवून देतो. आठ दिवसांत कमान आली. जवळजवळ तशीच. फक्त तीन मिलिमीटर लांब, आणि आकडा बसायच्या जागी बसेना. परत फोन केला, तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहब, हर पीस अलग है. घिसना पड़ेगा." मला राग आला. आमच्या धंद्यात इंटरफेस ठरला की ठरला, एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये बसलंच पाहिजे. पण नंतर लक्षात आलं, की त्या माणसाने नकळत मला अठराव्या शतकाचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ऐकवलं होतं. तेव्हा जगभरात हेच होतं. प्रत्येक कळ कारागीर कानशीने घासून जुळवायचा. एका बंदुकीची कमान दुसरीला बसेलच असं नाही, मग ती लंडनची असो, पॅरिसची असो किंवा आग्र्याची.

हे बदलायचा प्रयत्न करणारा एक फ्रेंच माणूस होता, ऑनोरे ब्लां. १७८५ साली थॉमस जेफरसन अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये होता. तो ब्लांच्या कारखान्यात गेला. ब्लांने पन्नास कळी सुट्या करून त्यांचे भाग वेगवेगळ्या खणांत मांडले होते. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलले, जोडले, आणि ते बसले. त्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने ३० ऑगस्टला घरी पत्रच लिहिलं. पण दाखवणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. अमेरिकेच्या सरकारी शस्त्रागारांतून सगळे भाग अदलाबदल होतील अशी बंदूक मोठ्या संख्येने निघायला १८४० चं दशक उजाडलं.

म्हणजे पानिपतापासून असईपर्यंतच्या काळात प्रश्न ‘बंदूक कुणाची चांगली’ एवढाच नव्हता. बंदुकीच्या मागे कानस घेऊन कोण बसलंय, हा होता.

मराठी फौजेत चकमकीची बंदूक कवायती पायदळाबरोबर आली. इब्राहिमखान गारदी निजामाकडे बुसीच्या हाताखाली तयार झालेला. त्याची पलटण १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर कशी लढली ते आपल्याला माहीत आहे. पण ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर उभी केली ती महादजी शिंद्यांनी. १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयचा बन्वा द बॉयन नोकरीत घेतला. त्याने आधी दोन पलटणी, मग ब्रिगेड, मग अख्खं पायदळ उभं केलं. आणि महादजींना एक गोष्ट कळली होती, जी त्यांच्या आधीच्या अनेकांना कळली नव्हती. हजारो चकमकीच्या बंदुका बाळगायच्या तर त्या जिथून येतात ती जागा आपल्या ताब्यात पाहिजे. आग्र्याला शस्त्रांचा कारखाना निघाला. त्याच्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता. त्या काळच्या युरोपियन लेखकांनी लिहून ठेवलंय, की तिथे उत्तम तोफा ओतल्या जात आणि चांगली बंदूक दहा रुपयांत तयार होई. सँगस्टर देखरेखीला, हातोडा आणि कानस चालवणारे हात अर्थातच इथले.

पुण्यात वानवडीला शिंद्यांची छत्री आहे. महादजी १७९४ मध्ये तिथेच वारले. तिथे उभं राहून आपण दिल्लीच्या बादशहाचं राजकारण आठवतो. मी मात्र मध्यंतरी तिथे उभा राहून दहा रुपयांच्या बंदुकीतल्या तीन कमानींचा विचार करत होतो.

इकडे माझा शोध चालूच होता. लक्ष्मी रोडवरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची कमान दाखवली. पोलाद सुंदर, पण कागदासारखं पातळ. घोड्याला ते ढकलणार नाही. बोहरी आळीत विचारलं, तिथे गोल वळ्यांच्या स्प्रिंगा पाहिजे तेवढ्या. बुधवारी जुन्या बाजारात गेलो. लोखंडाच्या ढिगात दोन तास बसलो, कुलपांच्या, दरवाजांच्या, शिवणयंत्रांच्या कमानी निघाल्या, माझी नाही. अमेरिकेत जुन्या बंदुकांच्या कमानी ओतून विकणारी दुकानं आहेत, पण कस्टमच्या माणसाला ‘बंदुकीचा भाग आहे, पण बंदूक नाही’ हे समजावत बसायची माझी हिंमत नव्हती. आणि तीही परत घासावीच लागली असती.

घड्याळवाल्या काकांकडून निघताना एक गोष्ट आठवली. १७४० च्या दशकात इंग्लंडमध्ये बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. त्याला घड्याळाच्या कमानीसाठी मिळणारं पोलाद आवडेना. कुठे कडक, कुठे मऊ. शेफील्डजवळ त्याने बंद मुशीत पोलाद वितळवून एकसारखं करायची रीत बसवली. पुढे शेफील्डचं नाव जगात झालं ते त्यातून. आता गंमत बघा. मुशीत पोलाद करणं आपल्याला नवीन होतं का? तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत ते शतकानुशतकं होत होतं. ते पोलाद इराणपर्यंत जायचं. चकमकीचा दगड म्हणाल तर गारगोट्या आणि अकीक दख्खनच्या काळ्या खडकात जागोजागी. पोलाद होतं, दगड होता, हात होते. आपल्याकडे ते तलवारीच्या पात्यासाठी गाजलं. इंग्लंडमध्ये एका घड्याळजीला एकसारख्या कमानी हव्या होत्या, म्हणून ते कमानीसाठी बदललं. ज्या वस्तूला गिऱ्हाईक असतं, त्या वस्तूचा कारागीर तयार होतो.

शेवटी एका मित्राच्या वडिलांनी रस्ता दाखवला. ते म्हणाले, "अरे, ट्रकचा पाटा घे. त्याच्यासारखं पोलाद नाही." निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये तुटलेला कमानपाटा भंगाराच्या भावात मिळाला. तो घेऊन मंगळवार पेठेत एका म्हाताऱ्या लोहारकाकांकडे गेलो. ते छिन्न्या, पहारी आणि विळे करतात. तुटलेली कमान त्यांनी दिव्याखाली धरली, तुटलेल्या जागेवरचे दाणे बघितले आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय, उतार कमी."

मला अर्थ कळला नाही. आम्ही इंजिनीअर. फर्स्ट इयरला फिटिंगचा एक जॉब केलेला, तोही निम्मा शेजारच्याने घासून दिलेला. काकांनी समजावलं. पोलाद लाल करून तेलात बुडवलं की ते कडक होतं, याला पाणी देणं म्हणतात, मग तेल का वापरेना. पण नुसतं पाणी दिलेली कमान काचेसारखी तडकते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडं उतरवायचं. कमी उतरवलं तर तुटेल. जास्त उतरवलं तर वाकेल, पण परत येणार नाही. साध्या पोलादावर हे रंगावरून बघतात. आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश. पाट्याच्या पोलादाला त्याहून जास्त लागतं, म्हणून काका कमानीवर तेल टाकून ते जळू देतात आणि ज्वाळेवरून अंदाज घेतात.

पहिली कमान त्यांनी केली, मी घरी घासून बसवली, तिसऱ्या वेळी तुटली. दुसरी तुटली नाही, पण पाच वेळा ओढल्यावर दमली, ठिणगी पडेना. तिसऱ्याला काका म्हणाले, "तू इथेच बस. घासायचं ते आधी घास, पाणी मी शेवटी देतो." मी दोन शनिवार त्यांच्या दुकानात कानस घेऊन बसलो. ओरखडा आडवा राहिला तर कमान तिथूनच तुटते, म्हणून शेवटची कानस लांबीच्या दिशेने मारायची, हे मला तिथे कळलं. तिसरी कमान बसली. मी दोनशे वेळा घोडा ओढला. अजून चालू आहे.

एक कमान, तीन प्रयत्न, दोन शनिवार, आणि असा एक माणूस जो तुटलेल्या जागेकडे बघून सांगतो की काय चुकलं. आता हे दहा-वीस हजार बंदुकांच्या फौजेला लावून बघा, तीही दरवर्षी मोहिमेवर निघणाऱ्या.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकाही आतून वेगवेगळ्याच होत्या. पण बर्मिंगहॅमच्या आसपास, डार्लस्टन आणि वेन्सबरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या फक्त कळी करणारी घरं होती. त्यांचा माल जहाजाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या शस्त्रागारांत यायचा. तिथे सुटे भाग आणि ते घासून बसवणारे कारागीर होते. एक शस्त्रागार पडलं तर दुसरं होतं, आणि तिन्ही पडली तरी डार्लस्टन होतंच.

शिंद्यांकडे प्रामुख्याने आग्रा होतं. १८०३ च्या ऑगस्टअखेर गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियनांनी ती सोडावी, त्यांची सोय केली जाईल. सप्टेंबरमध्ये अलीगढ पडलं, फ्रेंच सेनापती पेराँ नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबरला असई. ऑक्टोबरमध्ये आग्रा पडलं. १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांचं पायदळ पेराँशिवाय लढलं आणि असं लढलं की शत्रूने वाखाणलं. असईला हाती लागलेल्या मराठी तोफांचीही इंग्रजांनी तारीफच केली. म्हणजे माल वाईट नव्हता, माणसं कच्ची नव्हती.

कमानीमुळे मराठे हरले, असं मी म्हणत नाही. फितुरी, पैशाची तंगी, होळकर-शिंद्यांचं वैर, हे सगळं होतंच. पण आपल्या चर्चा नेहमी शौर्य आणि फितुरी या दोन खांबांमध्येच फिरतात. आग्रा पडल्यावर लासवारीच्या त्या शिपायाची कमान तुटली असती, तर ती कुठून आली असती? मला वाटतं, महादजींनी कारखाना उभा केला, पण कारखान्याच्या आजूबाजूला गावं उभी राहायला वेळ मिळाला नाही. दहा रुपयांत बंदूक होत होती. पण ती एका ठिकाणी, एका सरदाराच्या पैशावर आणि नोकरीवर आणलेल्या माणसांच्या देखरेखीत होत होती. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळं एका सर्व्हरवर आणि पासवर्ड एका कन्सल्टंटकडे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्याच शाळेत बंदूक घेऊन गेलो. ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेलीय. तिला तिन्ही कमानी दाखवल्या, तुटलेली, दमलेली आणि चालणारी. तिने दमलेली बराच वेळ दाबून बघितली. मग विचारलं, "ही लोहारकाकांनी केली, मग त्यांना कुणी शिकवली?" मी म्हटलं, त्यांच्या वडिलांनी. "आणि त्यांच्याकडून कोण शिकतंय?"

काकांचा मुलगा कुरियर कंपनीत आहे. सध्या शनिवारी मी जातो.

पाटी बदललीय. आता तिच्यावर लिहिलंय: ‘चकमकीची बंदूक, अठराव्या शतकातील इंग्रजी नमुन्याची प्रतिकृती. कमान: मंगळवार पेठ, पुणे.’ शेजारी तोड्याच्या बंदुकीचं चित्र लावलंय, मावळ्यांसाठी.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या घरी माळ्यावर एखादं जुनं कुलूप किंवा भिंतीवरचं घड्याळ पडलं असेल, तर ते उघडून त्यातली कमान बघा. ती कुणी केली असेल, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.